'सर्व्ह'चा अडतिसावा अर्थ

बेडोजबाईंनी आयुष्यातली अकरा वर्षं एका शब्दावर घालवली. शब्द काही दुर्मिळ नव्हता. 'सर्व्ह'. खाणावळीतल्या पोरीपासून कोर्टाच्या शिपायापर्यंत आमच्या वेनबरीत तो सगळ्यांच्या तोंडी असायचा. पोस्टाच्या खिडकीत बसून मी तो दिवसातून वीसदा ऐकायची, पण त्याच्याकडे कधी वळून बघावंसं वाटलं नव्हतं.

ऑगस्टा बेडोज हे त्यांचं पूर्ण नाव. दुकानदारांच्या मुलींसाठी त्या राहत्या घरातच शाळा चालवत. लग्न केलं नव्हतं. पाठ अशी ताठ की चर्चमध्ये मागच्या बाकावरच्यांनाही आपण वाकून बसलोय याची लाज वाटावी. एकदा त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं की एका मोठ्या शब्दकोशासाठी देशभरातून वाचणारी माणसं हवीत. पुस्तकं वाचायची, शब्द नेमका कसा वापरलाय ते वाक्य चिठ्ठीवर उतरवायचं, खाली साल लिहायचं आणि पाठवून द्यायचं. पैसे नाहीत. बाईंनी तीन वर्षं अशा चिठ्ठ्या पाठवल्या, तेव्हा शब्दकोशाचे संपादक डॉ. फॅरंट यांनी त्यांना त्याहून मोठं काम दिलं. देशभरातून आलेल्या 'सर्व्ह'च्या सगळ्या चिठ्ठ्यांचं गाठोडं त्यांच्याकडे आलं. त्या अर्थांप्रमाणे लावायच्या, कोणता अर्थ आधी जन्मला आणि कोणता त्यातून फुटला ते ठरवायचं.

गाठोडं मीच त्यांच्या दारात नेऊन दिलं होतं. त्या दिवसापासून त्यांच्या जेवणाच्या टेबलावर कुणी जेवलं नाही. पाहुणे आले तरी चहा स्वयंपाकघरात.

गुरुवारी दुपारनंतर पोस्ट बंद असायचं, तेव्हा मी त्यांच्याकडे जायची. त्या मला टेबलावरचे ढीग दाखवत. मालकाची चाकरी करणं. देवाची सेवा करणं. ताटात वाढणं. सैन्यात नोकरी करणं. तुरुंगात शिक्षा भोगणं. समन्स बजावणं. टेनिसमध्ये पहिला चेंडू मारणं. जहाजावरच्या दोराला बारीक दोरी गुंडाळणं. एखाद्याची खोड मोडली की "बरी अद्दल घडली" म्हणताना आपण हाच शब्द वापरतो, तोही ढीग वेगळा.

"एका शब्दात एवढी माणसं राहतात, हेस्टर," त्या म्हणायच्या, "आणि एकाला दुसऱ्याची ओळख नाही."

डॉ. फॅरंट यांना त्यांनी कधी बघितलं नव्हतं. पण त्यांची पत्रं यायची, महिन्याला एक, कधी दोन. जांभळट शाई, उजवीकडे कललेलं अक्षर. पत्र आलं की मी खिडकीतूनच हात हलवायची आणि बाई रस्ता ओलांडून यायच्या. पत्र तिथे फोडत नसत. हातमोज्याच्या आत सरकवून घरी न्यायच्या. एकदा मात्र त्यांनी मला एक ओळ वाचून दाखवली: 'तुमच्यासारखी बारकाईने बघणारी नजर मला आणखी कुठे मिळेल?' वाचून त्यांनी कागदाची अशी घडी केली की ती ओळ घडीत चुरगळू नये. अशा गोष्टींना नाव द्यायचं नसतं, आणि पोस्टात बसणाऱ्या बाईने तर नाहीच.

आता लेटीबद्दल सांगते. लेटी बाईंकडे चौदाव्या वर्षी कामाला आली आणि पंचविसाव्या वर्षी लग्न करून गेली. टेबलावरची धूळ झटकताना ढीग मिसळू नयेत म्हणून बाईंनी तिला वाचायला शिकवलं. लेटी मुळातच तल्लख. पुढे पुढे संध्याकाळी ती चिठ्ठ्या सालाप्रमाणे लावून द्यायची. पार्सलं बांधून, त्यावर डॉ. फॅरंटांचा पत्ता लिहून पोस्टात आणायचं काम तिचंच. तिचं लग्न झालं डोंगराकडच्या जोसाया कॉर्फील्डशी. त्याच्याकडे वळू होता आणि एक नावाजलेला घोडा. वसंतात तो घोडा घेऊन गावोगाव हिंडायचा आणि घोड्या फळवून द्यायचा.

लग्नानंतर दोन वर्षांनी, १९०३ च्या मार्चमधल्या एका गुरुवारी, लेटी लोणी घेऊन बाईंकडे आली. मी तिथेच होते. बाईंनी नुकताच सगळ्या अर्थांचा तक्ता पुरा केला होता, सदतीस अर्थ, सुंदर अक्षरात. लेटीने हात पुसले आणि तक्ता वरपासून खालपर्यंत बोट न लावता वाचला.

"छान झालंय बाई. एक राहिलाय."

"कोणता?"

"आमच्याकडे गाय वळूला दाखवली की म्हणतात ना, सर्व्ह करून आणली. घोडीचंही तसंच."

बाईंच्या गालांवर दोन लाल ठिपके उमटले. "लेटी, हा शब्दकोश आहे. तो लोकांच्या दिवाणखान्यात ठेवला जाणार आहे."

"दिवाणखान्यात दूध येतं ते कुठून?" लेटी हसून म्हणाली. मलाही हसू आलं आणि मी कपात तोंड घातलं. "आणि डुकरांना खाणं घालण्यालाही आम्ही तेच म्हणतो. तोही दिसत नाही."

"ते बोलणं आहे. छापलेलं कुठे आहे? छापील पुरावा नसेल तर मी काही धरत नाही."

"छापील हवंय होय," लेटी म्हणाली, आणि लोण्याचं भांडं रिकामं करून घेऊन गेली.

मला वाटलं विषय तिथे संपला. पण पंधरा दिवसांनी लेटी माझ्या खिडकीत उभी राहिली. तिच्या हातात एक जाड लिफाफा होता, वर डॉ. फॅरंटांचा पत्ता. जोसाया दर हंगामाला घोड्याची कार्डं छापून गावोगाव वाटायचा. त्यावर घोड्याचं नाव, त्याचा बाप कोण, आजा कोण, कोणत्या वारी कोणत्या गावात येणार, आणि 'मोजक्याच घोड्या सर्व्ह करील' असं ठळक अक्षरात छापलेलं. साल छापलेलं, छापखान्याचं नावही छापलेलं. तिने ते कार्ड आणि डोंगराकडच्या आणखी काही शब्दांच्या चिठ्ठ्या आत घातल्या होत्या. कित्येक वर्षं तो पत्ता लिहिलेला, तिला तो पाठच होता.

"बाईंना सांगितलंस?" मी विचारलं.

"त्यांना लाज वाटते ना. मग ती मी वाटून घेते," ती म्हणाली.

आठवड्याच्या आत उत्तर आलं. जांभळट शाई, उजवीकडे कललेलं अक्षर, आणि नाव मिसेस कॉर्फील्डचं. मी ते डोंगराकडच्या टपालाच्या खणात ठेवलं, नेमकं वरच. तेवढ्यात बाई तिकिटं घ्यायला आल्या. त्यांची नजर त्या खणावर गेली आणि तिथेच थांबली.

"ते माझं आहे," त्या म्हणाल्या.

"नाही बाई."

"अक्षर डॉक्टरांचं आहे."

"हो. पण नाव लेटीचं आहे."

हे मी सांगायला नको होतं. कुणाचं टपाल कुणाला आलं हे तोंडातून काढायचं नाही, हा पोस्टाचा पहिला नियम. पण त्यांचा चेहरा बघून माझी जीभ घसरली. त्यांनी तिकिटं घेतली, एक सांडलं, ते उचललं नाही आणि गेल्या.

त्यानंतर बाई रोज येऊ लागल्या. आधी मंगळवार-शुक्रवार यायच्या. आता टपालगाडी येऊन गेली की पाच मिनिटांत दारात.

"कॉर्फील्डबाईंना आज काही आलंय का?" असं विचारायच्या. इतकी वर्षं लेटी होती, ती एका दिवसात कॉर्फील्डबाई झाली, आणि तो 'बाई' शब्द त्या असा उच्चारायच्या की मागून धुराचा वास यावा.

"मला सांगता यायचं नाही."

"म्हणजे आलंय."

आलेलं असायचंच. डॉक्टर लेटीला विचारत होते की डोंगराकडे मेंढीच्या आजाराला काय म्हणतात, कुंपणातल्या फटीला काय म्हणतात, दूध नासलं तर काय म्हणतात. लेटी चुलीपाशी बसून उत्तरं लिहायची. लिफाफ्यावर पिठाची बोटं असायची. खरं सांगायचं तर मलाही ते बघून कुठेतरी टोचायचं. सोळा वर्षं मी दुसऱ्यांची पत्रं वाटत होते. मला कुणीही, कशाहीबद्दल, काहीही विचारलं नव्हतं.

मे महिन्यात बाईंना पत्र आलं, तेव्हा त्यांनी ते माझ्यासमोरच फोडलं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. वाचता वाचता त्यांचे ओठ बारीक झाले. मग त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. डॉक्टरांनी लिहिलं होतं की कॉर्फील्डबाईंचं कार्ड म्हणजे खजिनाच आहे, त्या अर्थाचा छापील पुरावा ते कित्येक वर्षं शोधत होते. अशी बाई तुमच्याच गावाजवळ राहते हे तुमचं भाग्य. तुमची ओळख आहे का?

"ओळख आहे का, म्हणे," बाई म्हणाल्या. "तिला क, ख कुणी शिकवलं? थंडीने सुजलेली तिची बोटं मी मलम लावून बरी केली. आणि मी अकरा वर्षं डोळे फोडले त्याचं काही नाही, खजिना म्हणजे घोड्याचं कार्ड."

"तसं म्हणायचं नसेल त्यांना."

"तुला नाही कळायचं, हेस्टर. तुझं कोण हिरावून घेणार आहे?"

हे वाक्य मला लागलं.

मग गावात कुजबूज सुरू झाली. पाद्रीणबाई माझ्याकडे पार्सल द्यायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "लेटी कॉर्फील्ड हुशार आहे म्हणतात, पण बेडोजबाईंकडून साखर गायब व्हायची म्हणे." मी विचारलं हे कुणी सांगितलं. त्या म्हणाल्या, "ज्यांची साखर त्यांनीच." लेटीला त्या घरात अकरा वर्षं मी बघत होते. तिने एक खडादेखील विचारल्याशिवाय तोंडात टाकला नसता. शनिवारच्या बाजारात दोन गिऱ्हाइकांनी तिचं लोणी घेतलं नाही. तिसऱ्याने घेतलं, पण आपल्या पिशवीतून काही गेलं नाही ना ते बघितलं.

जूनच्या सुरुवातीला डॉ. फॅरंटांकडून बाईंना नोंदणी केलेलं एक पार्सल आलं. मी ते हातात दिलं, त्यांनी सही केली. त्याच दिवशी आलेल्या पत्रात लिहिलं होतं की कॉर्फील्डबाईंच्या 'सर्व्ह'बद्दलच्या चौदा चिठ्ठ्या आणि कार्ड पार्सलात आहे, ते योग्य जागी लावून सगळं गाठोडं परत पाठवावं. तीन आठवड्यांनी गाठोडं परत गेलं. आणि जुलैत डॉक्टरांनी विचारलं की त्या चौदा चिठ्ठ्या आणि कार्ड कुठे आहे?

बाईंनी उत्तर लिहिलं की पार्सलमध्ये तसं काही आलंच नाही.

नोंदणी केलेल्या पार्सलातून वस्तू नाहीशी झाली, तर चौकशी होतेच. एका सकाळी तपासनीस आला. बारीक मिशा, हातात काळी वही.

"पार्सल तुमच्या हातात किती वेळ होतं?"

"एक तास."

"लाखेची मोहोर शाबूत होती?"

"होती."

"कोणाला काय टपाल येतं याबद्दल तुम्ही कधी गावात बोलता?"

मी तिकिटांचा गठ्ठा सरळ केला. मग म्हणाले, "एकदा बोलले." त्याने ते लिहून घेतलं. त्या एका 'एकदा'ने माझी नोकरी जाणार असं मला वाटलं. पोस्टाच्या मागची खोली हेच माझं घर होतं. नोकरी गेली की छप्परही जाणार.

तो तिथून डोंगराकडे लेटीला विचारायला गेला. दुपारी लेटी स्वतः खाली आली, जोसायाची टमटम हाकत, डोक्याला कामाचा रुमाल तसाच.

"तुझ्यावर आलंय ना हे?" तिने विचारलं.

"येईल असं दिसतंय."

"पोस्ट बंद कर आणि चल."

"मला पोस्ट बंद करता येत नाही."

"मग संध्याकाळी येते," ती म्हणाली, आणि खरंच पाच वाजेपर्यंत टमटमीत बसून राहिली. बाईंच्या खिडकीतून ती दिसत असणार.

दार बाईंनीच उघडलं. आम्ही जेवणाच्या खोलीत गेलो. टेबल रिकामं होतं. अकरा वर्षांत मी ते पहिल्यांदा रिकामं बघितलं. लाकडावर ढिगांच्या फिकट चौकोनी खुणा राहिल्या होत्या.

लेटी बसली नाही. "बाई, हेस्टरची नोकरी जाईल. चिठ्ठ्या द्या."

"माझ्याकडे नाहीत."

"तुम्ही खोटं बोललात की तुमचा डावा हात एप्रनच्या टोकाशी जातो. आत्ताही गेलाय."

बाईंनी हात खाली घेतला. मग त्या खुर्चीत बसल्या, आणि इतक्या वर्षांत प्रथमच मला त्यांची पाठ टेकलेली दिसली.

"तू का लिहिलंस त्यांना?" त्या म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता. "तुला घर आहे. नवरा आहे. डिसेंबरात मूल होणार म्हणतात. मला तेवढंच एक होतं. महिन्याला एक पत्र. तेही तुला हवं होतं?"

मला वाटलं लेटी आता नरमेल. पण ती नरमली नाही, आणि मला तिचं तेच आवडलं.

"सुरुवातीला नको होतं," ती म्हणाली. "तुमच्या तक्त्यात एक कमी पडत होता, तो पुरा व्हावा एवढंच होतं. पण मग त्यांनी मला विचारलं. बाई, मला आयुष्यात सगळ्यांनी सांगितलं. हे आण, ते पूस, हे लाव. तुम्हीपण. विचारलं कुणी नव्हतं. मला आवडलं ते. मी खोटं बोलणार नाही."

"मी तुला वाचायला शिकवलं."

"शिकवलंत. धूळ झटकायला सोपं जावं म्हणून. तरी मी उपकार मानते. पण साखरेचं तुम्ही जे बोललात ते कशासाठी?"

बाई उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि चौदा चिठ्ठ्या आणि ते कार्ड घेऊन आल्या. फाडलं नव्हतं, जाळलं नव्हतं. एवढी वर्षं चिठ्ठ्या जपलेल्या हातांनी ते झालं नसणार. कार्डावर त्यांनी पेन्सिलने कोपऱ्यात लहान आकडा घातला होता: ३८. म्हणजे लपवण्याआधी त्यांनी ते कुठे बसतं ते ठरवलं होतं.

लेटीने आकडा बघितला. "इथेच बसतो ना?"

"इथेच," बाई म्हणाल्या. "सैन्याच्या नंतर बसत नाही. इथेच."

लेटीने कार्ड परत टेबलावर ठेवलं. "मग तुम्हीच पाठवा. आणि तपासनिसाला लिहा. आणि पाद्रीणबाईंना साखरेचं सांगा. तिन्ही उद्याच." एवढं बोलून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता बाई खिडकीत आल्या. दोन पत्रं. तपासनिसाचं त्यांनी लगेच दिलं, मला वाचता यावं म्हणून उघडंच. त्यात लिहिलं होतं की चिठ्ठ्या घरातच होत्या, दोष सर्वस्वी बाईंचा स्वतःचा, पोस्टाचा नाही. डॉ. फॅरंटांचा जाड लिफाफा त्यांनी माझ्याकडे दिला, मग हात पुढे करून परत मागितला. मी दिला. त्या खिडकीबाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. तिघा-चौघांना तिकिटं देईपर्यंत तिथेच होत्या. मग उठून आल्या आणि लिफाफा पुन्हा माझ्यापुढे सरकवला.

"शिक्का मार," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर मार."

मी मारला.

पाद्रीणबाईंकडे त्या त्याच दुपारी गेल्या. काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, पण पुढच्या शनिवारी पाद्रीणबाईंनी स्वतः लेटीच्या टोपलीतून दोन रत्तल लोणी घेतलं, सगळ्यांना दिसेल असं.

तपासनीस पुन्हा आला नाही, माझी नोकरी टिकली. डॉक्टरांचं उत्तर आलं चार ओळींचं. तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आभारी आहे. 'सर्व्ह'चं काम आता कार्यालयातच पुरं होईल. उरलेले कागद सवडीने पाठवावेत. त्यानंतर बाईंना जांभळट शाईचं पत्र कधी आलं नाही. लेटीला ती आणखी वर्षभर येत राहिली. डिसेंबरात तिला मुलगी झाली, मागून लगेच दुसरी, आणि तिनेच लिहिणं सोडलं. डॉक्टरांचे एक-दोन लिफाफे असे आले की त्यांना उत्तरच गेलं नाही. ते बाईंना मी सांगितलं नाही. या खेपेला जीभ सांभाळली.

दोघी पुढे एकमेकींशी बोलल्या त्या बाजारात, हवेबद्दल वगैरे. घरी जाणं-येणं राहिलं नाही.

एस अक्षराचा तो भाग छापून यायला १९१२ उजाडलं. डॉ. फॅरंट तोवर वारले होते. पाद्रीसाहेबांनी प्रत मागवली आणि बाईंना निरोप पाठवला. बाईंनी मला बरोबर यायला सांगितलं. पुस्तक खिडकीपाशी उंच मेजावर ठेवलं होतं. बाईंनी आधी 'सर्व्ह' काढला नाही. त्यांनी सुरुवातीची नावांची यादी काढली, मदत करणाऱ्यांची, बारीक टाइपात तीनेकशे नावं. बी मध्ये त्यांचं बोट थांबलं: मिस ए. बेडोज, वेनबरी. मग बोट सी वर गेलं. हळूहळू खाली उतरलं. कॉर्फील्ड नव्हतं.

मग त्यांनी शब्द काढला. अर्थांचा क्रम बदलला होता, काही जोडले होते, काही तोडले होते. पण वळू-घोड्यांचा अर्थ होता, आणि खाली कार्डातलं वाक्य: मोजक्याच घोड्या सर्व्ह करील. पुढे फक्त 'घोड्याचं कार्ड' आणि साल. कुणी पाठवलं ते नाही.

परत येताना गल्लीच्या तोंडाशी त्या थांबल्या.

"हेस्टर, तिचं नाव नाही बघून मला आनंद झाला," त्या म्हणाल्या. "मी एकसष्ट वर्षांची आहे. नऊ वर्षं मी रोज रात्री त्या गोष्टीची क्षमा मागते. आणि तरी आनंद झाला."

मी म्हटलं, "चला, वारा सुटलाय."

शनिवारी मी लेटीला सांगितलं की तुझं कार्ड छापलंय, पण तुझं नाव कुठेच नाही. ती अंडी मोजत होती.

"आणि घोड्याचं?" तिने विचारलं.

"घोड्याचंही नाही. नुसतं वाक्य."

"जोसायाला सांगते. तो म्हणेल निदान घोड्याचं तरी घालायचं." ती अंडी मोजायची विसरली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मग मान वर न करता म्हणाली, "बाईंचं आहे ना?"

"आहे."

"असायलाच हवं," लेटी म्हणाली. पण ते बोलायला तिला थोडा वेळ लागला, आणि त्या वेळात तिचा चेहरा कसा झाला होता ते मी बघितलं. तसा चेहरा मी आधी एकदा माझ्याच खिडकीत बघितला होता, बाईंचा.